पार्सल आमचं, मग ड्युटी कसली?

कुरिअरच्या ऑफिसात दोन गोष्टी आपोआप साठत जातात. एक म्हणजे चिकटपट्टीच्या रिकाम्या रिंगा आणि दुसरे किस्से. रिंगा मी दर शनिवारी कचऱ्यात टाकते. किस्से कुठं टाकणार? ते डोक्यातच राहतात, आणि चार मैत्रिणी चहाला जमल्या की एकातून दुसरा निघत जातो.

मी नांदेडला एका कुरिअर कंपनीच्या शाखेत काउंटरवर बसते. बारा वर्षं झाली. आमच्या शाखेत बिराजदार सर मॅनेजर आणि पार्सलं दारोदार पोचवणारे गफूरभाई. वयानं आम्हा दोघांपेक्षा मोठे, बोलण्यात निम्मी उर्दू, आणि आवाज इतका मऊ की कुत्री पण त्यांच्यावर भुंकत नाहीत. माणसं मात्र भुंकतात!

कारण एकच. ड्युटी.

बाहेरच्या देशातून शर्ट, बूट, पर्स, घड्याळ असं काही आलं की मुंबईला कस्टमवाले त्यावर कर लावतात. कंपनी तो तिथं भरून पार्सल सोडवते, आणि मग दारात आम्ही पावती दाखवून तेवढे पैसे मागतो. एवढंच. पण हे 'एवढंच' समजावता समजावता माझे केस पांढरे झाले. 'तुमचं पार्सल कस्टममध्ये अडकलंय' म्हणून फोन करणारे भामटे आमच्याआधीच घराघरात पोचलेत ना! आता आम्ही खरी पावती घेऊन उभे राहिलो तरी लोक आधी गाडीचा नंबर लिहून घेतात.

*

नागोरावकाका एसटीत कंडक्टर. भाचा जर्मनीत. त्यानं मामाला जाकीट पाठवलं.

मी फोन केला. "काका, मुंबईहून आलंय. ड्युटी भरावी लागेल."

पलीकडून संशयानं, "कुणी सांगितलं?"

"मुंबईहूनच आलंय तसं, काका."

"मुंबईहून?" आवाज चढला. "ओ बाई, परवा डबल ड्युटी केली. काल भोकरची गाडी नेली. आज माझी हक्काची सुट्टी हाय. सांगा त्यांना, नागोराव तापानं फणफणलाय!" फोन बंद.

पुन्हा लावला, पुन्हा बंद. शेवटी गफूरभाई पार्सल घेऊन घरी गेले. काकूंनी दार अर्धंच उघडलं, गफूरभाईंच्या हातातली पावती बघितली आणि आत वळून ओरडल्या,

"अहो, डेपोचा माणूस आलाय! झोपा!"

*

विष्णुपुरीकडं एक प्राध्यापक राहतात. फोनवरून होणाऱ्या फसवणुकीवर ते गावोगाव व्याख्यानं देतात. त्यांच्या मुलीनं परदेशातून त्यांच्यासाठी स्वेटर पाठवला, आणि कस्टमला त्यांच्या आधार कार्डाची प्रत हवी होती. ती मागायची वेळ माझ्यावर आली.

"तुमचं नाव सांगा," सर म्हणाले. सांगितलं. "पूर्ण." तेही सांगितलं. "वडिलांचं गाव?"

"सर, आधार तुमचं पाहिजे!" मी म्हणाले.

"हा फोन रेकॉर्ड होतोय," सर म्हणाले. "पुढच्या व्याख्यानात मी तो ऐकवणार आहे."

आठ दिवसांनी मुलीनं तिकडून दम दिला तेव्हा कुठं प्रत आली. तिच्यावर लाल पेनानं आडवं लिहिलेलं, 'फक्त स्वेटरसाठी'.

पार्सल आलं. गफूरभाई घरी गेले. सरांनी त्यांना फार आदरानं आत बोलावलं, खुर्ची दिली, पंखा लावला, पाणी दिलं, आणि आतल्या खोलीत जाऊन पोलिसांना फोन केला. पंधरा मिनिटांत दोन पोलीस दारात!

त्यातल्या हवालदारांनी पावती उलटसुलट बघितली, गफूरभाईंकडं बघितलं आणि म्हणाले, "सर, पावती खरी हाय. मागल्या महिन्यात माझ्या मेव्हणीच्या पर्सवर बी बसली होती ड्युटी. मी बी ह्यांनाच बसवून ठेवलं होतं."

"हाव साहेब," गफूरभाई मान डोलावत म्हणाले, "पण तुमच्याकडं चहा भेटला होता. इथं नुसतं पाणी!"

*

लातूरची पार्सलंही आमच्याच शाखेतून जातात. तिथं मार्केट यार्डात महालिंगप्पाअण्णांची आडत आहे. कपाळाला विभूती, पांढरं धोतर, समोर तुरीची पोती. सिंगापूरच्या जावयानं त्यांना कोट पाठवला होता.

अण्णांनी ड्युटीची पावती वाचली. वाद घातला नाही. त्यांनी दीड किलोचं ते पार्सल उचललं आणि थेट काट्यावर ठेवलं. काटा एक किलो तीनशेवर थांबला.

"कागदावर दीड किलो," अण्णा म्हणाले. "काट्यावर दोनशे ग्रॅम कमी. ड्युटी मात्र पुरी. कुठं गेले दोनशे ग्रॅम?"

गफूरभाईंनी सांगून बघितलं, "अण्णा, ड्युटी वजनावर नसते, किमतीवर असते. आणि कागदावर वजन अंदाजानं वरचंच लिहितात."

"चाळीस वर्षं काट्यावर बसलोय मी," अण्णा गरजले. "मला वजन शिकवू नका. अर्धी बाही कापून घेतली असंल कुणी!"

यार्डातले लोक जमले. शेतकरी पोतं घेऊन आला की ओल आहे, माती आहे म्हणून आडते पोत्यामागं थोडं वजन कापतात, त्याला कडता म्हणतात. अण्णांचा कडता सगळ्या यार्डात प्रसिद्ध! पोत्यांवर बसलेला एक म्हातारा हमाल बराच वेळ हे बघत होता. तो बिडी विझवत शांतपणे म्हणाला,

"अण्णा, कडता धरला असंल त्यांनी."

सगळं यार्ड हसलं. अण्णांनी पार्सल काट्यावरून उतरवलं आणि पैसे दिले. कोटाला दोन्ही बाह्या होत्या.

*

राखीला कस्टमची माफी असते. पण राखीसोबत भेटवस्तू असेल तर तिला नसते. देवणीच्या दोन भावांना हे माहीत नव्हतं, म्हणून पुढचं घडलं.

थोरला बस्वराज, धाकटा सोमनाथ. दुकानं शेजारीशेजारी. थोरल्याचं खताचं, धाकट्याचं भांड्यांचं. बहीण मस्कतला. तिच्याकडून दोघांना एकाच दिवशी दोन पार्सलं आली. थोरल्याच्या पार्सलावर ड्युटी शून्य. धाकट्याच्या पार्सलावर मात्र होती, त्यानं मुकाट भरली.

थोरला पहिल्या दिवशी खुशीत. "आमची कागदपत्रं साफ असतात," असं चार लोकांना सांगितलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी मला फोन. "मॅडम, एक विचारू का? माझ्यावर ड्युटी का न्हाई लागली?"

"राखीला माफी असते, दादा."

"मग सोमनाथची बी राखीच हाय की."

मी गप्प. दुसऱ्याच्या पार्सलात काय आहे ते आम्ही सांगत नाही. पण मी गप्प बसले, त्यातच त्यांना सगळं कळलं असावं.

"मॅडम," ते म्हणाले, "लहानपणी तिला शाळेत सायकलवर मी सोडलंय. सोमनाथ नव्हता सोडत. मला बी ड्युटी लावा. जी काय असंल ती भरतो."

आता ड्युटी लावा म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते! तिसऱ्या दिवशी मस्कतहून बहिणीचा फोन. "मॅडम, दादा राखी परत पाठवतो म्हणतोय! अहो, मागच्या वर्षी घड्याळ दादालाच दिलं होतं, ह्या वर्षी सोमनाथला. दादा विसरलाय, पण मी आठवण कशी करून देऊ?"

पंधरा दिवसांत थोरल्याच्या नावानं दुसरं पार्सल आलं. गफूरभाई ते घेऊन खताच्या दुकानात शिरत होते, तर बस्वराजदादांनी त्यांचा हात धरून त्यांना बाहेर आणलं. भांड्यांच्या दुकानासमोर उभं केलं आणि म्हणाले,

"हां गफूरभाई, ड्युटी किती म्हणालात? जरा मोठ्यानं सांगा!"

*

नांदेडातल्या एका दातांच्या डॉक्टरांना पळायचा नाद आहे. त्यांनी बाहेरून बूट मागवले आणि वहिनींना सांगितलं, "जुना स्टॉक होता. दीड हजारात मिळाले."

पार्सल आलं तेव्हा दार वहिनींनी उघडलं. ड्युटीचा आकडा ऐकून त्या जागीच थांबल्या. "दीड हजाराच्या बुटावर त्याच्या चौपट ड्युटी? हे कसलं गणित?"

तेवढ्यात डॉक्टर धावत आले. त्यांनी पावती हातात घेतली आणि बुटाची किंमत जिथं छापली होती नेमकं तिथं अंगठा ठेवला. वहिनींच्या मागं उभं राहून दुसऱ्या हातानं गफूरभाईंना नमस्कार करत होते.

गफूरभाई म्हणाले, "भाभी, विमानाचा मामला हाय."

"म्हणजे हे लोक लुटतात!" वहिनी म्हणाल्या. "तुम्ही आत्ताच्या आत्ता तक्रार लिहा. मी सांगते तसं."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर ऑफिसात हजर. हातात दोन पानी तक्रार. "पोच म्हणून शिक्का मारून द्या," ते खालच्या आवाजात म्हणाले, "आणि तुमची प्रत मी गेलो की फाडून टाका. हात जोडतो."

बिराजदार सरांनी चष्मा चढवून मोठ्यानं वाचलं, "'आपल्या कंपनीवरचा माझा विश्वास पूर्णपणे उडाला आहे.' डॉक्टर, एवढं कडक?"

डॉक्टर म्हणाले, "साहेब, घरचा विश्वास टिकवायचा तर कुणावरचा तरी उडवावा लागतो!"

*

हा गफूरभाईंच्या घरचा किस्सा आहे, आणि त्यांच्या तोंडून ऐकावा असा.

त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. मेव्हणा अन्वर शारजाहून येणार होता. त्यानं घरातल्या सगळ्या पुरुषांना शर्ट घेतले. निघायच्या आदल्या दिवशी त्याला कुणीतरी पढवलं, "बॅगेतल्या कपड्यावर ड्युटी लागते, अंगावरच्या कपड्यावर लागत नाही."

झालं! अन्वरमियाँ सात शर्ट एकावर एक घालून, वर कोट चढवून, मे महिन्यात हैदराबादला उतरले. हात खाली येईनात. मान वळेना. चेहरा टमाट्यासारखा.

कस्टमच्या साहेबांनी विचारलं, "तबीयत ठीक है?"

"जी, थोडी सर्दी है," हे म्हणाले. घामाची धार कानामागून वाहत होती!

मग काय, बाजूला घेतलं. एकेक शर्ट उतरवला, झटकून बघितला, मशीनमधून काढला. अंगात सोनं लपवलंय का म्हणून पायातले मोजे बघितले. दोन तास. अन्वर नुसता रडायचा बाकी. शेवटी साहेबांनी हिशेब केला आणि सगळे शर्ट त्याच्या हातात ठेवले. "एवढ्या सामानावर ड्युटी बसतच नाही. बॅगेत ठेवले असते तर पाच मिनिटांत बाहेर पडला असता. घातले म्हणून संशय आला!"

लग्नात ते शर्ट वाटले गेले. मी गफूरभाईंना विचारलं, "तुमच्या वाट्याला कुठला?"

"मला मधला आला, ताई. बरा होता," ते म्हणाले. "सगळ्यात आतला दूल्हेमियाँला गेला. अजून धुवून राहिलेत!"

*

हसण्यावारी न नेता येणारी पण माणसं येतात.

लोह्याकडच्या एका शाळेत शिकवणाऱ्या बाई होत्या. पन्नाशीच्या आसपास, एकट्या. इस्त्रीची साडी, पिन नीट लावलेली. त्या काउंटरवर आल्या आणि म्हणाल्या, "लंडनहून माझं पार्सल आलंय. द्या."

मी कॉम्प्युटरवर बघितलं. त्यांच्या नावाचं काही नव्हतं.

"नीट बघा," त्या म्हणाल्या. "मोत्याचा हार, पर्स आणि रेशमी कोट. मी दोनदा ड्युटी भरलीये. आता तिसऱ्यांदा मागतायत, म्हणून म्हटलं स्वतःच येऊन घेऊन जावं."

त्यांनी मोबाइल पुढं केला. हार पाठवणाऱ्या लंडनच्या डॉक्टरचा फोटो. हाराचा फोटो. आणि कस्टम ऑफिसर म्हणवणाऱ्याचे मेसेज. पैसे भरायचं खातं एका माणसाच्या नावाचं होतं. पावती नाही, बिलाचा नंबर नाही.

"बाई, हे खरं नाही," मी म्हणाले. "ड्युटी अशी कुणाच्या खात्यात भरत नसतात."

त्यांचा चेहरा बदलला. पण माझ्याकडं बघून! "असं होय," त्या म्हणाल्या. "म्हणजे पार्सल तुम्हीच दाबलंय. हार बघून नियत फिरली असंल."

आम्ही रोज खऱ्या पावत्या दाखवून चोर ठरतो, आणि हा न बघितलेला माणूस खरा! बिराजदार सर चिडून उठले. गफूरभाईंनी त्यांना हातानंच बसवलं.

"आपा," गफूरभाई म्हणाले, "त्या साहेबाला माझ्यासमोर फोन लावा. मी ड्युटी भरतो म्हणा."

बाईंनी फोन लावला, स्पीकरवर. पलीकडं मोठ्या रुबाबाचं हिंदी. गफूरभाई नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाले, "साहब, पैसा तैयार है. सिर्फ बिल का नंबर बोलो, और माल कौन से गोदाम में है वो बोलो. मैं खुद लेने आता हूँ."

पलीकडून एक शिवी, आणि फोन कट. बाईंनी पुन्हा लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. डॉक्टरला लावला. तोही बंद.

मी त्यांना आत नेऊन बसवलं. चहा दिला. त्यांनी कप हातात धरला, प्यायला नाही. सर म्हणाले, "आपण पोलिसांत जाऊ, मी येतो सोबत." आणि ते खरंच गेले, दिवसभर थांबले.

निघण्याआधी बाई माझ्याकडं वळल्या. मला वाटलं, मघाच्या बोलण्याबद्दल काही म्हणतील. त्या म्हणाल्या,

"पण रोज सकाळी जेवलात का विचारायचा हो!"

*

आता हा एक सांगते आणि उठते.

बिलोलीला गंगाधरराव म्हणून एक गृहस्थ. शेती बऱ्यापैकी, बोलणं तोडून. त्यांच्या बायकोच्या, सुशीलाकाकूंच्या नावानं कॅनडाहून पार्सल आलं. काकूंच्या आधारची प्रत पाठवणाऱ्यानं तिकडूनच आधी जोडलेली होती, आम्हाला मागावीच लागली नाही. ते मला तेव्हाच खटकलं. पाठवणाऱ्याचं नाव बाईचं होतं. आडनाव आमच्याकडचं नव्हतं.

गफूरभाई बिलोलीला घेऊन गेले. गंगाधरराव ओट्यावर बसलेले. त्यांनी पावती हातात घेतली नाही, पार्सलाला बोट लावलं नाही.

"आमचं कुणी परदेशात न्हाई," ते म्हणाले.

"चाचा, नाव तर काकूचंच हाय. पत्ता बी."

"नाव-पत्ता कुणी बी लिहितो. फसवायचे धंदे हायत. न्या माघारी."

गफूरभाई म्हणतात, दाराच्या आत काकू उभ्या होत्या.

न घेतलेलं पार्सल आम्ही आठवडाभर ठेवतो, मग परत पाठवतो. तिसऱ्या दिवशी दुपारी काकू एकट्याच एसटीनं नांदेडला आल्या. दवाखान्याची पिशवी हातात. "दवाखान्यात जाते म्हणून आलेय," मी न विचारताच म्हणाल्या. पदराच्या गाठीतून पैसे काढले, ड्युटी भरली आणि विचारलं, "इथंच उघडू का?"

मी कात्री दिली. आत एक जांभळी शाल होती, आणि खाली पुरुषाचा स्वेटर, गडद हिरवा. काकूंनी शाल बाजूला ठेवली. स्वेटर काउंटरवर पसरला आणि त्याच्या खांद्यांवरून वीत टाकत मापलं. एकदा. मग परत एकदा. घडी घालून तो पिशवीत, दवाखान्याच्या फायलीखाली ठेवला, शालही तिथंच. खोकं आणि कागद माझ्याकडंच ठेवले.

"मालक आले, त्यांनी विचारलं," त्या म्हणाल्या, "तर सांगाल ना, पार्सल परत गेलं म्हणून?"

मी हो म्हणाले. काय म्हणणार?

दोनच दिवस झाले असतील. सकाळी शटर वर करते तर पायरीवर गंगाधरराव. पहिल्या गाडीनं आले असावेत. टोपी हातात. आत आले, इकडंतिकडं बघितलं, ऑफिसात दुसरं कुणी नाही याची खात्री केली.

"घरी कळता कामा नये, मी इथं आलतो म्हणून," ते म्हणाले. "ते बिलोलीचं पार्सल. ड्युटी घ्या त्याची."

नोटा त्यांनी आधीच मोजून, दुमडून, मुठीत धरल्या होत्या. मी गफूरभाईंकडं बघितलं. ते पार्सलांवर वाकून उगाच पत्ते वाचायला लागले. या काउंटरवर बसून बारा वर्षांत मी कुणाला खोटं सांगितलं नव्हतं.

"काका," मी म्हणाले, "ते परत गेलं."

त्यांनी मान हलवली. चिडले नाहीत. आठवडा ठेवायचा नियम आहे, दिवस तर भरले नव्हते, हेही त्यांनी विचारलं नाही. मूठ तशीच खिशात घातली. जायला वळले, दारापर्यंत गेले आणि तिथूनच म्हणाले, "त्याच्यात काय होतं, ते कागदावर असतं ना?"

मी कागद काढला. "लेडीज शाल, एक," मी वाचलं. "जेन्ट्स स्वेटर, एक."

"जेन्ट्स?"

"हो काका. एक्सएल."

ते परत काउंटरपाशी आले. "म्हंजी केवढा?"

"मोठा," मी म्हणाले. "चांगल्या भरल्या अंगाच्या माणसाला बसेल एवढा."

गंगाधररावांनी खाली स्वतःकडं बघितलं. सदरा अंगावर नुसता लोंबत होता. पोटापाशी त्याची सैल घडी दोन बोटांत धरून ते तसेच उभे राहिले.

"पोरीला वाटत असंल," ते म्हणाले, "मी अजून तेवढाच हाय."